इंजिन थंड ठेवू की विमान पळवू? शंभर वर्षांपूर्वीच्या लढाऊ विमानांच्या रेडिएटरची परीक्षा अशी व्हायची

उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर चढाला लागला की जाणत्या ड्रायव्हरची नजर दोन ठिकाणी असते. एक रस्त्यावर आणि दुसरी टेंपरेचरच्या काट्यावर. काटा लालकडे सरकला की गाडी बाजूला घ्यायची, इंजिन थोडा वेळ हळू चालू ठेवायचं, बॉनेट उघडायचं आणि वाट पाहायची. पंधरा-वीस मिनिटं जातात, तेवढ्यात चहा होतो आणि काम पुढे सुरू होतं.

पण हाच काटा जमिनीपासून तीन-चार किलोमीटर उंचावर लालकडे गेला तर? खाली शत्रूचा मुलूख, मागे शत्रूचं विमान आणि गाडी बाजूला घ्यायला जागाच नाही. पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ या काळात, लढाऊ विमान चालवणाऱ्या शेकडो पोरांनी हा प्रसंग पाहिला. त्यातले बहुतेक वीस-बावीस वर्षांचे होते.

यावर सोपा उपाय कुणीही सांगेल. रेडिएटर मोठा बसवा. पण विमानात हा उपाय उलटा अंगावर येतो. रेडिएटर जेवढा मोठा तेवढा वाऱ्याचा अडथळा जास्त, आणि अडथळा जास्त म्हणजे वेग कमी. ज्याचं विमान हळू तो मारला जातो. लहान रेडिएटर बसवला तर इंजिन जाम होतं आणि तरीही तो मारला जातो. या दोन मरणांच्या मधली वाट शोधण्यासाठी जी मोजमापं झाली, ती माहिती करून घेण्यासारखी आहेत.

पेट्रोलची उष्णता जाते कुठे?

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची सगळी ताकद कामाला येत नाही. ढोबळ हिशेब असा, की एक तृतीयांश ताकद पंखा फिरवायला मिळते, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर जाते आणि राहिलेली जवळपास एक तृतीयांश सिलिंडरच्या भिंतीत उष्णता बनून उतरते. ही शेवटची उष्णता काढून टाकली नाही तर तेल पातळ होऊन जळतं, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला चिकटून बसतो. आपल्याकडे त्यालाच ‘इंजिन सीज झालं’ म्हणतात.

१९१६ साली लढाऊ विमानांना दीडशे अश्वशक्तीची इंजिनं होती. म्हणजे साधारण तेवढ्याच ताकदीची उष्णता पाण्याला उचलून न्यायची होती. घरात पाणी तापवायला वापरतात ते दीड हजार वॅटचे सत्तर हिटर एकदम चालू केले तर जेवढी उष्णता होईल, तेवढी दर सेकंदाला हवेत सोडायची. तीही एका माणसाला घेऊन उडणाऱ्या लाकूड-कापडाच्या विमानातून.

वाऱ्याचा हिशेब सरळ नसतो

मोटारसायकलवर जाताना हात बाहेर काढून पाहिला असेल तर हे लगेच समजेल. तीसच्या वेगाला वारा नुसता जाणवतो. साठला हात मागे ढकलला जातो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि तो विरोध कापत तेवढ्या वेगाने जायला लागणारी ताकद आठपट होते.

आता वाऱ्यात आधी सूप धरा आणि मग चाळण धरा. चाळणीतून वारा जातो म्हणून ती कमी ढकलली जाते, पण ढकलली जातेच. रेडिएटर ही अशीच दाट चाळण. वारा त्यातून गेला नाही तर पाणी थंड होणार नाही आणि गेला तर विमान मागे ओढणार. ट्रॅक्टरला ही अडचण नाही, कारण त्याचा वेगच कमी. तिथे पंखा हवा ओढून घेतो आणि रेडिएटर केवढाही मोठा असला तरी नांगरट हळू होत नाही.

एक साधं गणित करून पाहू. समजा, ताशी १८० किलोमीटर वेगाला रेडिएटर विमानाला दहा किलो जोराने मागे ओढतो. दहा किलो म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण त्या वेगाला एवढ्या ओढीची किंमत साडेसहा अश्वशक्तीहून जास्त होते. पुढच्या पंख्यातही काही ताकद वाया जाते. ती धरली तर इंजिनाला आठ-नऊ अश्वशक्ती जादा द्यावी लागते. त्याशिवाय रेडिएटरचं आणि त्यातल्या पाण्याचं वजन उचलायचं ते वेगळंच.

पाणीच नको म्हणणारं इंजिन

काहींनी या भानगडीतून वेगळीच वाट काढली. फ्रान्समधल्या सेगँ बंधूंनी १९०८-०९ च्या सुमारास ‘नोम’ नावाचं रोटरी इंजिन आणलं. यात क्रँक जागेवर घट्ट बसवलेला आणि सगळे सिलिंडर पंख्याबरोबर गरगर फिरणारे. इंजिन स्वतःच फिरत असल्याने त्याला आपोआप वारा लागायचा. विमान जमिनीवर उभं असलं तरी सिलिंडर थंड राहत. रेडिएटर नाही, पाणी नाही, नळ्या नाहीत. वजन एकदम कमी.

या इंजिनाला वंगण म्हणून चक्क एरंडेल वापरत. पेट्रोलमध्ये ते सहजासहजी मिसळत नाही, म्हणून ते टिकायचं. जळून उरलेलं तेल मात्र बाहेर उडायचं आणि वैमानिकाच्या तोंडावर बसायचं. एरंडेल पोटात गेल्यावर काय होतं हे आपल्याकडच्या आज्यांना वेगळं सांगायला नको. त्या वैमानिकांनाही तोच त्रास होत असे, असं सांगतात.

ब्रिटिशांचं सॉपविथ कॅमल आणि जर्मनांचं तीन पंखांचं फोकर ही नावाजलेली विमानं रोटरी इंजिनावरच चालली. पण या इंजिनाची मर्यादा लवकरच उघड झाली. एवढं मोठं धूड हवेत घुसळायलाच बरीच ताकद खर्च व्हायची. फेरे वाढवले की हा खर्च भराभर वाढायचा. शिवाय फिरत्या वजनामुळे विमान वळवताना भलत्याच दिशेला ओढ लागायची. दोनशे अश्वशक्तीच्या पुढे जायचं तर स्थिर इंजिन आणि पाण्याचा रेडिएटर याकडे बहुतेकांना वळावंच लागलं.

रेडिएटर बसवायचा कुठे?

जर्मनांच्या अल्बाट्रॉस विमानांची कथा या बाबतीत बोलकी आहे. १९१६ च्या पहिल्या अल्बाट्रॉसला दोन्ही कुशींना कानांसारखे रेडिएटर होते. वाऱ्यात ते आडवे यायचे. मग पुढच्या नमुन्यात युक्ती केली. वरच्या पंखाच्या मधोमध, पंखाच्याच जाडीत बसेल असा चपटा रेडिएटर बसवला. वाऱ्याचा अडथळा कमी झाला. सगळ्यांना बरं वाटलं.

पण हा रेडिएटर वैमानिकाच्या बरोबर डोक्यासमोर आणि वर होता. लढाईत त्याला गोळी लागली की उकळतं पाणी वाऱ्याबरोबर सरळ वैमानिकाच्या तोंडावर. हे प्रत्यक्ष घडू लागलं, तेव्हा पुढच्या ‘डी-थ्री’ नमुन्यात रेडिएटर पंखाच्या उजव्या बाजूला सरकवला. पाणी सांडलं तरी बाजूने जाईल एवढीच ती सोय होती. कागदावरच्या हिशेबात अडथळा आणि उष्णता दोन्ही बसले होते, पण खाली बसलेला माणूस त्या हिशेबात धरायचा राहून गेला होता.

हीच विमानं पॅलेस्टाईनच्या उन्हात पाठवायची वेळ आली, तेव्हा एक रेडिएटर पुरेना. तिथल्या विमानांना पंखात दोन रेडिएटर बसवले. असं का, तेही सोपं आहे. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ८५ अंश आणि हवा १० अंश असेल तर फरक ७५ चा. तेच हवा ४० अंश झाली की फरक ४५ वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तेच इंजिन, पण उष्णता टाकायची ताकद चाळीस टक्क्यांनी घटली.

फ्रेंचांच्या स्पॅड-सात विमानाला नाकावरच गोल रेडिएटर होता. यातलं हिस्पानो-सुईझा इंजिन त्या काळातलं उत्तम इंजिन. मार्क बिर्किट या स्विस इंजिनिअरने ते बनवलं होतं. पण उन्हाळ्यात ते तापायचं आणि थंडीत नीट गरमच व्हायचं नाही. आघाडीवरच्या मेकॅनिकांनी पुढच्या पत्र्याला जादा भोकं पाडली. हवा जास्त जाऊ लागली, पण थंडीत तीच भोकं नडायची. पुढे रेडिएटरसमोर उघडझाप होणाऱ्या झडपा आल्या. खिडकीच्या पट्ट्यांसारख्या या झडपा वैमानिक हाताने कमी-जास्त उघडायचा.

ब्रिटिशांच्या एस.ई.-५ या विमानातही हेच इंजिन होतं. फार्नबरो इथल्या सरकारी विमान कारखान्यात तयार झालेलं हे विमान २२ नोव्हेंबर १९१६ रोजी पहिल्यांदा उडालं. त्याच्याही नाकावर चौकोनी रेडिएटर आणि त्याला झडपा होत्या. पहिले भारतीय लढाऊ वैमानिक म्हणून नाव झालेले इंद्रलाल रॉय याच जातीचं विमान उडवत. जुलै १९१८ मध्ये अवघ्या १९ व्या वर्षी ते लढताना गेले.

या कथेत मुंबईचं नावही येतं. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर ब्रिटिश हवाई दलाच्या २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन विमान उडवायचे. त्यातही हिस्पानो इंजिनच होतं. डॉल्फिनच्या पहिल्या नमुन्याला मोटारीसारखा मोठा रेडिएटर नाकावर होता. नंतर तो काढून दोन लहान रेडिएटर विमानाच्या दोन्ही कुशींना, वैमानिकाच्या आजूबाजूला बसवले आणि नाक निमुळतं केलं. जून १९१८ च्या अखेरीस फ्रान्सच्या आघाडीवर वेलिंकरांना वीरमरण आलं.

चाचणी व्हायची कशी?

चाचणीचे दोन प्रकार होते. एक आकाशात आणि दुसरा जमिनीवर.

आकाशातली चाचणी अशी. पाण्याच्या नळीत थर्मामीटर बसवायचा. वैमानिकाच्या मांडीला कागदाचं पॅड बांधलेलं. तो फुल थ्रॉटलवर विमान वर चढवायचा आणि दर हजार फुटांना वेळ, इंजिनाचे फेरे, बाहेरच्या हवेचं तापमान आणि पाण्याचं तापमान लिहायचा. उघड्या कॉकपिटमध्ये, हातमोजे घालून, गारठ्यात. इंग्लंडमध्ये मार्टलशम हीथ इथे १९१७ पासून अशा चाचण्यांसाठी वेगळं केंद्रच होतं.

चढतानाच चाचणी का? कारण इंजिनाची सगळ्यात कठीण वेळ तीच. चढताना इंजिन पूर्ण ताकदीने चालतं, पण विमानाचा पुढे जायचा वेग कमी असतो, म्हणून रेडिएटरला वारा कमी लागतो. ट्रॉल्या ओढत चढाला लागलेला ट्रॅक्टर तापतो तसंच हे. त्याच्या उलट, इंजिन कमी करून विमान खाली आणताना वारा जोरात लागतो आणि उष्णता मात्र तयारच होत नाही. मग पाणी गरजेपेक्षा गार होतं. खाली येऊन थ्रॉटल उघडला की गारठलेलं इंजिन धडपडतं. म्हणून दोन्ही टोकं तपासावी लागत. झडपांची गरज त्यातूनच आली.

उंचीवर आणखी एक भानगड. वर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. महाबळेश्वरला पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं. साडेपाच किलोमीटर उंचीवर ते ८२ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे खाली ८५ अंशांवर सुखाने चालणारं इंजिन वर त्याच आकड्याला पाण्याची वाफ करून टाकेल. वर हवा थंड असते हे खरं, पण ती विरळही असते. विरळ हवा उष्णता कमी उचलते. इंजिनाची ताकदही वर कमी होते. या सगळ्यांचा मेळ कसा बसतो हे मोजल्याशिवाय सांगता येत नव्हतं.

जमिनीवरची चाचणी विंड टनेलमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यात व्हायची. एका टोकाला मोठा पंखा लावून बोगद्यातून ठरलेल्या वेगाने वारा सोडायचा. मध्ये रेडिएटरचा तुकडा तराजूला टांगायचा. वारा त्याला किती जोराने मागे ढकलतो ते तराजू सांगायचा. त्याच वेळी त्यातून गरम पाणी सोडायचं. पाणी आत जाताना किती अंश, बाहेर येताना किती अंश आणि मिनिटाला किती लिटर गेलं, एवढं मोजलं की किती उष्णता निघाली ते कळतं. समजा, मिनिटाला ६० लिटर पाणी गेलं आणि ते ५ अंशांनी थंड झालं, तर साधारण २८ अश्वशक्तीएवढी उष्णता निघाली.

इंग्लंडमध्ये फार्नबरो आणि टेडिंग्टनला, तर अमेरिकेत वॉशिंग्टनच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये अशी कामं झाली. चौकोनी नळ्यांचे, षटकोनी मधाच्या पोळ्यासारखे, सपाट पट्ट्यांचे असे नाना तऱ्हेचे रेडिएटर तपासले गेले.

यातून विचार करायची पद्धतच बदलली. आधी लोक विचारत, कोणता रेडिएटर जास्त थंड करतो? चाचणीनंतर प्रश्न बदलला. एक अश्वशक्ती वाऱ्यात घालवून हा रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो? दुभत्या जनावराचं नुसतं दूध मोजून चालत नाही, चाऱ्याचा खर्चही धरावा लागतो, तसंच हे. दहा लिटर देणारी गाय आठ लिटरवालीपेक्षा परवडेलच असं नाही.

दुसरी गोष्ट कळली ती जागेची. तोच रेडिएटर नाकावर, कुशीला, पंखात किंवा पोटाखाली बसवला तर वेगवेगळा वागतो. कारण हवा आत कशी शिरते एवढंच महत्त्वाचं नाही, ती बाहेर कशी पडते हेही तितकंच महत्त्वाचं. पुढून तोंड मोठं आणि मागून वाट कोंडलेली असेल तर हवा आत जातच नाही, बाजूने सांडते. अडथळा पुरा आणि थंडावा अर्धा.

झाकलं तर तापेल? अमेरिकेतला प्रयोग

युद्धानंतर पाणी न लागणारी नवी इंजिनं आली. यांचे सिलिंडर फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल मांडलेले, पण फिरत नव्हते. पंखा तेवढा फिरायचा. थंडाव्यासाठी सिलिंडर उघडे वाऱ्यात ठेवलेले. झाकलं तर तापेल, ही समजूत पक्की होती. पण उघडे सिलिंडर म्हणजे वाऱ्याला मोठाच अडथळा.

अमेरिकेत लँग्ली इथे सरकारी संशोधन संस्थेने १९२७ मध्ये वीस फूट तोंडाचा प्रचंड वाऱ्याचा बोगदा पुरा केला. यात लहान मॉडेल नाही, तर खरंखुरं इंजिन आणि पंखा लावून विमानाचं अंगच ठेवता यायचं. फ्रेड वाइक या इंजिनिअरच्या हाताखाली तिथे या इंजिनाच्या झाकणांच्या चाचण्या सुरू झाल्या. एका टोकाला पूर्ण उघडं इंजिन, दुसऱ्या टोकाला पूर्ण झाकलेलं आणि मधले बरेच प्रकार. प्रत्येक वेळी दोन आकडे घ्यायचे, वाऱ्याचा अडथळा किती आणि सिलिंडर किती तापले.

निकाल समजुतीच्या उलट लागला. इंजिन पूर्ण झाकलं, पण हवेला आतून नीट वाट करून दिली, तर अडथळा खूप कमी होतो आणि इंजिनही तापत नाही. उघड्या सिलिंडरवर वारा नुसता पुढून आदळतो. मागची बाजू तशीच तापलेली राहते. झाकणाच्या आत पत्र्याच्या आडोशांनी वारा सिलिंडरला लपेटून फिरवला की थोड्याच हवेत काम भागतं. कमी हवा, पण प्रत्येक मुठीतून काम काढून घेतलेली.

१९२८ मध्ये हे झाकण सैन्याच्या कर्टिस एटी-५ए हॉक या प्रशिक्षण विमानावर बसवून उडवून पाहिलं. आधी या विमानाचा वेग ताशी ११८ मैल होता, म्हणजे साधारण १९० किलोमीटर. झाकणानंतर तो १३७ मैल झाला, म्हणजे २२० किलोमीटर. इंजिन तेच, पेट्रोल तेच. जादा ८३ अश्वशक्ती लावली असती तर जेवढा वेग वाढला असता, तेवढा एका पत्र्याच्या टोपणाने वाढला. या कामाबद्दल संस्थेला १९२९ सालची कोलियर ट्रॉफी मिळाली.

पंखच रेडिएटर, आणि त्यातला धोका

पाण्याच्या इंजिनवाल्यांनीही डोकं लढवलं. अमेरिकन सैन्याच्या कर्टिस शर्यतीच्या विमानांत १९२२ पासून पंखाचा पृष्ठभागच रेडिएटर केला होता. पंखावर पितळी पत्रा आणि त्याखालून पाणी. वाऱ्यात आडवं काही येतच नव्हतं. ब्रिटिशांच्या सुपरमरीन एस-६बी या शर्यतीच्या विमानाचे पंख आणि पाण्यावर उतरायच्या होड्यांचा वरचा भाग असंच पाणी थंड करायचे. सप्टेंबर १९३१ मध्ये या विमानाने ताशी ४०७ मैल, म्हणजे साडेसहाशे किलोमीटरच्या वर वेग गाठला.

मग लढाऊ विमानांना तेच का केलं नाही? कारण शर्यतीत कुणी गोळ्या झाडत नाही. पूर्ण पंखभर पाणी खेळवलं तर कुठेही एक गोळी लागली की पाणी गळणार आणि काही मिनिटांत इंजिन बंद. १९३४ मध्ये सुपरमरीनने पंखात पाण्याची वाफ थंड करणारं एक लढाऊ विमान करून पाहिलं. वाफेचं पाणी व्हायचं, पण ते उकळायच्या काठावरच असायचं. पंपाने ओढलं की त्याची पुन्हा वाफ व्हायची आणि पंप रिकामा फिरायचा. ते विमान सैन्याने घेतलं नाही.

अखेर वाट सापडली ती फार्नबरोला. फ्रेडरिक मेरेडिथ यांनी १९३५ मध्ये दाखवून दिलं, की रेडिएटर उघडा न ठेवता एका बोगद्यासारख्या पेटीत बसवावा. तोंड लहान, मग पेटी रुंद होत जाणारी, मध्ये रेडिएटर आणि मागे पुन्हा निमुळती. हवा आत शिरली की रुंदीमुळे तिचा वेग मंदावतो. मंद हवा रेडिएटरमधून गेली की अडथळा कमी. तिथे ती तापते, फुगते आणि मागच्या अरुंद वाटेने जोरात बाहेर पडते. हा मागे जाणारा झोत विमानाला थोडं पुढे ढकलतो. ज्या उष्णतेचं ओझं वाटत होतं, तीच थोडी परतफेड करू लागली.

याच सुमाराला नुसत्या पाण्याऐवजी ग्लायकॉल आलं. ते १९७ अंशांना उकळतं. इंजिन जास्त तापमानावर चालवता आलं, हवेशी फरक वाढला आणि रेडिएटर लहान करता आला. ब्रिटिशांचं स्पिटफायर आणि अमेरिकेत बनलेलं मस्टँग ही दुसऱ्या महायुद्धातली विमानं या दोन्ही गोष्टींवर उभी होती. मस्टँगच्या पोटाखालचा तो फुगवटा म्हणजे हाच रेडिएटरचा बोगदा.

आपल्या बॉनेटखाली यातलं काय आहे?

ट्रॅक्टरला वेगाची चिंता नाही, पण हवेचे नियम तेच आहेत. पंख्याभोवती प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं गोल कडं असतं. दुरुस्तीच्या वेळी काढलेलं हे कडं बरेच जण पुन्हा बसवतच नाहीत. ते नसलं की पंखा तीच हवा घुसळत बसतो आणि जाळीतून ओढत नाही. हवेला वाट करून द्यायची, हेच ते काम.

मळणीच्या दिवसांत जाळीत भुसा आणि धूळ बसते. पुढून साफ दिसली तरी आतल्या पट्ट्यांत ती अडकलेली असते. हवा मारायची ती पंख्याच्या बाजूने पुढे, म्हणजे कचरा आला त्या वाटेने बाहेर जातो. जोर जास्त लावला तर पट्ट्या वाकतात आणि वाकलेली पट्टी म्हणजे बंद झालेली वाट.

कूलंटमध्येही तेच ग्लायकॉल असतं. रेडिएटरच्या टोपणाला स्प्रिंग असते, ती आत दाब धरून ठेवते. त्यामुळे आतलं पाणी शंभराच्या वर गेलं तरी उकळत नाही. महाबळेश्वरला पाणी लवकर उकळतं, त्याची ही उलटी बाजू. पण म्हणूनच इंजिन तापलेलं असताना टोपण फिरवलं की दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती हातावर, तोंडावर येते. अल्बाट्रॉसच्या वैमानिकांना जे गोळीमुळे भोगावं लागलं, ते घाईमुळे कुणाला भोगावं लागू नये. इंजिन बंद करून वरची नळी हाताला सोसेल एवढी गार होईपर्यंत थांबावं. मग टोपणावर जाड फडकं टाकून, तोंड बाजूला ठेवून, ते हळूहळू फिरवावं.